जुनी वस्तू दुरुस्तीला देताना : पावतीवरील चार ओळींचे मोल

व्यापारी कुटुंबांत हिशेबाची शिस्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. पाच रुपयांच्या सुतळीचीही नोंद रोजमेळात होते, उधारीवर गेलेल्या मालाची चिठ्ठी जपून ठेवली जाते आणि दिवाळीला वहीपूजन झाल्याशिवाय नवे वर्ष सुरू झाले असे कोणी मानत नाही. परंतु याच कुटुंबांत एक गोष्ट वारंवार बिनहिशेबी होते. पेढीच्या भिंतीवरील चावीचे घड्याळ, आजोबांचे साखळीचे घड्याळ, आजीच्या माहेरून आलेला चांदीचा कलश, जुना ग्रामोफोन किंवा पायपेटी यांपैकी काही बिघडले की कोणीतरी ते पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात नेऊन देतो. दुकानदार कागदाच्या कपट्यावर ‘१ जुने घड्याळ, बंद’ एवढेच लिहून देतो आणि तो कपटा खिशात घालून ग्राहक घरी येतो. ज्या वस्तूची जागा बाजारातील कोणतीही नवी वस्तू घेऊ शकत नाही, ती अशा प्रकारे दुसऱ्याच्या हाती जाते.

काम नीट झाले तर प्रश्न उद्भवत नाही. ते बिघडले तर मात्र कायदा ग्राहकाच्या बाजूने असूनही हाती काही लागत नाही, कारण वस्तू देताना ती कशी होती हे सांगणारा एकही पुरावा नसतो. जुन्या वस्तूच्या बाबतीत ग्राहकाचा हक्क आयोगाच्या कार्यालयात सिद्ध होत असला, तरी त्याचा पाया दुकानाच्या काउंटरवर, वस्तू सोपवण्याच्या क्षणी घातला जातो.

नुकसान कोणत्या स्वरूपाचे असते

नव्या पंख्याची किंवा मिक्सरची दुरुस्ती बिघडली तर नुकसान उघड दिसते, कारण यंत्र चालत नाही. जुन्या वस्तूचे तसे नसते. ती चालू होऊन परत येते, चकचकीतही दिसते आणि तरीही तिचे मोल गेलेले असते.

मनगटी घड्याळाचे उदाहरण घ्यावे. जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बेंगळुरूमध्ये १९६१ साली सुरू झालेल्या एचएमटीच्या कारखान्यातील चावीची घड्याळे आज अनेक घरांत जपलेली आहेत. अशा घड्याळाची तबकडी डागाळलेली दिसली म्हणून कारागीर ती खरवडून नव्याने रंगवून देतो. मालकाला घड्याळ नवे झाल्यासारखे वाटते, पण जुन्या घड्याळांचा जाणकार पहिल्या नजरेत ते ओळखतो आणि किंमत उतरवतो. बफ मारून केस चकचकीत केली की तिच्या मूळ कडा गोल होतात आणि मागील बाजूचे क्रमांक पुसट होतात. काटे, चावीचे बटण किंवा आतील चक्रे दुसऱ्या घड्याळाची बसवली की बाहेरचे नाव तेवढे मूळचे उरते.

भिंतीवरील लंबकाच्या घड्याळात तर याहून मोठा प्रकार घडतो. कमान तुटली किंवा दाते झिजले, की ‘आता हे सुटे भाग मिळत नाहीत’ असे सांगून संपूर्ण पितळी यंत्र काढून टाकले जाते आणि त्या जागी सेलवर चालणारे लहानसे यंत्र बसवले जाते. सागवानी पेटी तीच, काचही तीच, पण टोले गेले, लंबक शोभेपुरता उरला आणि काढलेले यंत्र कोठे गेले याचा पत्ता नाही.

चांदीच्या वस्तूंचे नुकसान वेगळ्या प्रकारचे असते. डाग देताना जास्त आच लागली तर नक्षी वितळते. वारंवार घासून उजळा दिल्याने कोरीव काम सपाट होते आणि वजनात घट येते. वजन करून वस्तू दिलेली नसेल तर ही घट किती, हे नंतर सांगता येत नाही.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे ग्राहक हक्कांची चळवळ कायद्याच्या आधीची आहे. बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम १९७४ मध्ये सुरू केले; संसदेचा पहिला ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर बारा वर्षांनी, १९८६ मध्ये आला. आज लागू असलेला ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ चा असून त्याची अंमलबजावणी २० जुलै २०२० पासून सुरू झाली.

या कायद्यानुसार मोबदला घेऊन केलेली दुरुस्ती ही ‘सेवा’ आहे. मोबदला पूर्ण दिलेला असो, अंशतः दिलेला असो किंवा देण्याचे कबूल केलेले असो, ग्राहक हा ग्राहकच राहतो. कामाच्या दर्जातील किंवा पद्धतीतील उणीव म्हणजे सेवेतील त्रुटी. निष्काळजीपणामुळे झालेले नुकसान आणि महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणे या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्याने त्रुटीच्या व्याख्येत स्पष्टपणे घातल्या आहेत. हा दुसरा भाग जुन्या वस्तूंसाठी विशेष उपयोगी आहे. मूळ भाग बदलत आहोत, तबकडी रंगवणार आहोत किंवा हे काम दुसऱ्याकडून करून घेणार आहोत हे माहीत असून ग्राहकाला सांगितले नाही, तर घड्याळ चालत असले तरी तक्रारीला आधार मिळतो. शिवाय सेवेचे बिल न देणे हीच या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

दुसरा आधार जुना, पण भक्कम आहे. भारतीय करार अधिनियम १८७२ चा. विशिष्ट कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झाल्यावर ती परत घ्यायची, या व्यवहाराला कायद्यात निक्षेप म्हणतात. कलम १५१ नुसार, त्याच प्रकारच्या आणि तेवढ्याच मोलाच्या स्वतःच्या वस्तूची सामान्य समंजस माणूस जेवढी काळजी घेईल, तेवढी काळजी वस्तू ताब्यात घेणाऱ्याने घेतलीच पाहिजे. ओळखीखातर मोबदला न घेता केलेली दुरुस्ती ग्राहक कायद्याच्या कक्षेत येत नाही. परंतु काळजी घेण्याचे हे कर्तव्य तेथेही सुटत नाही.

दोन मर्यादा मात्र व्यापारी कुटुंबांनी लक्षात ठेवाव्यात. पहिली, व्यापारी प्रयोजनासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यातून वगळलेली आहे. घरातील वारशाची वस्तू दुरुस्तीला देताना सोयीसाठी पेढीच्या नावाने जीएसटी बिल घेतले, तर समोरचा पक्ष पहिली हरकत हीच घेतो. घरची वस्तू घरच्या माणसाच्या नावानेच द्यावी. दुसरी, शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनी, वाङ्मयीन किंवा ऐतिहासिक मोल असलेली हस्तलिखिते १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकतात. अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातेवाइकांनी ‘इकडे चांगले कारागीर आहेत, पाठवून द्या’ असे आपुलकीने सांगितले तरी जुनी पोथी किंवा मूर्ती दुरुस्तीसाठी पाठवू नये.

पावती कशी असावी

बँकेत सोने तारण ठेवताना प्रत्येक दागिन्याचे वर्णन, वजन आणि शुद्धता लिहिली जाते, ग्राहकासमोर पाकीट बंद होते आणि सह्या होतात. त्यात कोणी कोणावर अविश्वास दाखवत नाही. तो व्यवहाराचा शिरस्ता आहे. जुनी वस्तू दुरुस्तीला देताना हाच शिरस्ता पाळावा.

‘१ जुने घड्याळ, बंद, ५०० जमा’ या नोंदीतून काहीही सिद्ध होत नाही. त्याऐवजी पुढीलप्रमाणे नोंद करून घ्यावी : ‘लंबकाचे भिंतीवरील घड्याळ, सागवानी पेटी, पितळी यंत्र, यंत्रावरील क्रमांक अमुक. तबकडीवर उजवीकडे तडा, काच शाबूत, चावी एक. तक्रार : टोले पडत नाहीत. काम : यंत्र साफ करणे व टोल्यांची कमान दुरुस्त करणे. तबकडी व पेटीला रंग अथवा पॉलिश करू नये. कोणताही भाग बदलण्यापूर्वी लेखी संमती घ्यावी. काढलेले भाग परत द्यावेत. अंदाजे खर्च व परत देण्याची तारीख अमुक.’ खाली दुकानाचा शिक्का आणि दोघांच्या सह्या.

दुकानदाराकडे एवढे लिहिण्यास वेळ नसेल तर ग्राहकाने घरूनच कागद लिहून न्यावा आणि त्यावर पोच घ्यावी. तेही अवघड वाटल्यास हाच मजकूर व वस्तूची छायाचित्रे दुकानदाराच्या मोबाईलवर पाठवून ‘मिळाले’ असे उत्तर मागावे. छायाचित्रे समोरून, मागून आणि शक्य असल्यास झाकण उघडून आतील यंत्राची असावीत. चांदीची वस्तू असेल तर दुकानातील काट्यावर वजन करून ग्रॅममध्ये लिहून घ्यावे.

वस्तू मौल्यवान असेल तर आणखी एक पायरी आहे. दुरुस्तीपूर्वी जाणकाराकडून तिच्या किमतीचा लेखी अंदाज घ्यावा आणि तो आकडा पावतीवर नोंदवावा. कारागिरालाही त्यामुळे हाती काय आले आहे हे कळते. कलम १५१ मधील काळजीचे मोजमाप वस्तूच्या मोलावर अवलंबून असल्याने पुढे त्या आकड्याला अर्थ येतो. वस्तू कुरिअरने दुसऱ्या गावी पाठवायची असल्यास घोषित मूल्य आणि विमा हे दोन्ही रकाने रिकामे ठेवू नयेत.

‘आम्ही जबाबदार नाही’

अनेक पावत्यांच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेले असते : ‘वस्तू तुटल्यास, हरवल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ हे वाचून बहुतेक ग्राहक तक्रारीचा विचारच सोडून देतात. तसे करण्याचे कारण नाही. केवळ एकतर्फी छापलेल्या ओळीमुळे निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. ती अट ग्राहकाला दाखवली होती का, त्याने मान्य केली होती का, हे पाहिले जाते.

मात्र उलट बाजूही विसरू नये. कुरिअरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ग्राहकाने सही केलेल्या कागदावरील भरपाईची मर्यादा बंधनकारक मानली होती. म्हणजे सहीला वजन आहे. जी अट मान्य नाही ती सही करण्यापूर्वी खोडावी आणि खोडल्याजागी दोघांनी सही करावी. एकतर्फी व जाचक करारालाच आव्हान देण्याची सोय २०१९ च्या कायद्यात आहे, परंतु तशी तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे करावी लागते. दोन-चार हजारांच्या दुरुस्तीसाठी तो मार्ग लांबचा आहे. दुकानात मारलेली एक रेघ त्याहून स्वस्त पडते.

काम बिघडल्याचे लक्षात आल्यावर

वस्तू परत घेताना ती दुकानातच उघडून पाहावी, चालवून पाहावी, जुने भाग मागून घ्यावेत. दोष दिसला तर ‘समाधानकारक मिळाले’ अशा मजकुराखाली सही करू नये.

मजुरीच्या प्रश्नावर येथे बहुधा वाद होतो. करार अधिनियमाच्या कलम १७० नुसार, ठरल्याप्रमाणे श्रम व कौशल्य खर्च करून केलेल्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू ठेवून घेण्याचा हक्क कारागिराला आहे. काम ठरल्याप्रमाणे झालेच नाही, हा ग्राहकाचा मुद्दा खरा असला तरी तो काउंटरवर सुटत नाही आणि वस्तू मात्र अडकून पडते. अशा वेळी रक्कम द्यावी, पण बिलाच्या दोन्ही प्रतींवर ‘कामाबद्दलची तक्रार राखून रक्कम दिली’ असे लिहावे आणि वस्तू ताब्यात घ्यावी.

यानंतरची सर्वांत मोठी चूक म्हणजे रागाच्या भरात दुसऱ्या दिवशीच ती वस्तू दुसऱ्या कारागिराकडे उघडायला देणे. तसे केले की नुकसान पहिल्याने केले की दुसऱ्याने, हा प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. सेवेतील त्रुटी सिद्ध करण्याचा भार तक्रारदारावर असतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही पुन्हा स्पष्ट केले आहे. म्हणून आधी छायाचित्रे घ्यावीत, नंतर अनुभवी कारागिराला वस्तू दाखवून ‘मूळ यंत्र बदललेले आहे’, ‘तबकडी नव्याने रंगवलेली आहे’ अशा स्वरूपाचे त्याचे मत नाव, तारीख व सहीसह लेखी घ्यावे.

त्यासोबत दुकानदाराला पत्र पाठवावे. काय दिले, काय ठरले, काय मिळाले आणि आता काय हवे, या चार गोष्टी आणि उत्तरासाठी पंधरा दिवसांची मुदत पुरेशी आहे. पत्र पोस्टातून पोच मिळेल अशा पद्धतीने जावे. बहुसंख्य दुकानदार प्रामाणिक असतात. लेखी पत्र हाती पडल्यावर काढलेले यंत्र अडगळीतून सापडल्याचीही शक्यता असते. दुकानदाराने वस्तूच परत केली नाही किंवा परस्पर विकली, तर मात्र प्रश्न सेवेपुरता राहत नाही. तो विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा ठरू शकतो आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पोलिसांकडे जाता येते.

आयोगाचा दरवाजा

पत्राने काम झाले नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. तेथे समेटाचा प्रयत्न होतो, आदेश मिळत नाही. आदेशासाठी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे लागते.

याविषयीचे गैरसमज बरेच आहेत. तक्रार दुकान ज्या जिल्ह्यात आहे तेथेच करावी लागते असे नाही. ग्राहक जेथे राहतो किंवा व्यवसाय करतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. सोलापूरच्या कुटुंबाने मुंबईत दुरुस्तीला दिलेल्या घड्याळाची तक्रार सोलापुरात चालू शकते. आयोगाची अधिकारकक्षा वस्तूच्या किमतीवर नव्हे, तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. घड्याळ लाखाचे असले तरी मजुरी चार हजार असेल तर ते चार हजारच पाहिले जातात. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीला शुल्क नाही. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत मात्र काटेकोर आहे : तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. ‘पुढच्या महिन्यात करून देतो’ या आश्वासनांवर दोन वर्षे सहज निघून जातात, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

कायद्यात निकालासाठी तीन महिने, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिने, असा काळ सांगितला आहे. प्रत्यक्षात अधिक वेळ लागू शकतो, याची मानसिक तयारी ठेवावी. आदेश पाळला नाही तर एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

भरपाईचा हिशेब

तक्रारीत ‘आमची आठवण नष्ट केली, दहा लाख द्या’ असे लिहिल्याने तक्रार वजनदार होत नाही. भरपाईचा ताळेबंद मांडावा लागतो. समजा, मजुरी ४,००० रुपये दिली. मूळ यंत्र पुन्हा बसवून घेण्यास जाणकाराने ९,००० रुपये सांगितले. तसे केल्यावरही, नव्याने रंगवलेल्या तबकडीमुळे किंमत २५,००० वरून १८,००० वर येते असे लेखी मत मिळाले. तर ४,००० परत, ९,००० दुरुस्तीखर्च आणि ७,००० मूल्यघट अशी २०,००० रुपयांची मागणी सुसंगत ठरते. शारीरिक-मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च यांसाठी वेगळी रक्कम मागता येते, पण ती किती द्यायची हे आयोग ठरवतो. एकच नुकसान दोन शीर्षकांखाली धरू नये. मूळ यंत्र परत बसवून जे मूल्य भरून येणार आहे, त्याची घट पुन्हा मागितली की संपूर्ण हिशेबाविषयीच शंका निर्माण होते.

भावनिक मोलाला बाजारभाव नाही, हे स्वीकारावेच लागते. म्हणूनच पैशाआधी एक मागणी नेहमी लिहावी : काढलेले मूळ भाग परत मिळावेत. पुष्कळदा कुटुंबाला खरोखर हवे असते ते तेवढेच.

काउंटरच्या पलीकडे

समाजातील अनेक कुटुंबे या व्यवहारात काउंटरच्या दुसऱ्या बाजूलाही असतात. सराफी, भांडी, घड्याळे, विद्युत उपकरणे या व्यवसायांत दुरुस्तीचे काम रोज येते. त्यांच्यासाठी हा विषय केवळ कायद्याचा नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. त्यांत सत्याणुव्रताचा एक अतिचार ‘न्यासापहार’ आहे, म्हणजे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचा अपहार. अचौर्याणुव्रताचा एक अतिचार ‘प्रतिरूपकव्यवहार’ आहे, म्हणजे अस्सलाच्या जागी तसेच दिसणारे नकली देणे. पितळी यंत्र काढून सेलचे यंत्र बसवणे आणि त्याविषयी मौन बाळगणे, यात दोन्ही आले.

व्यवहाराच्या दृष्टीनेही सविस्तर पावती दुकानदाराचेच रक्षण करते. तबकडीला तडा आधीच होता हे लिहिलेले असेल तर खोटी तक्रार टिकत नाही. ‘हे यंत्र आम्ही कधी उघडलेले नाही’ असे प्रांजळपणे सांगून काम परत करणाऱ्या दुकानाचे त्या दिवशी चार हजारांचे नुकसान होते, परंतु तेच कुटुंब पुढच्या लग्नाची खरेदी करायला त्याच दुकानात येते.

येत्या वहीपूजनापूर्वी प्रत्येक घराने एक लहान काम करावे. घरातील जुन्या वस्तूंची यादी, त्यांची छायाचित्रे, यंत्रांवरील क्रमांक, चांदीचे वजन आणि ती वस्तू कोणाकडून आली याची एक ओळ, असे एका वहीत लिहून ठेवावे. घरातील ज्येष्ठांना विचारून हे काम एका दुपारी होते. ज्येष्ठ आहेत तोवरच ते होऊ शकते.